भुलीची सुई आणि हळदीची पुडी

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. मुरबाडकडचे एक शेतकरी आमच्याकडे आले. वय पंचावन्नच्या आसपास. जन्मभर भातशेती केलेला, ओझी वाहिलेला माणूस. त्यांना अंतर्गळ झाला होता. म्हणजे पोटातले आतडे जांघेत उतरून तिथे फुगवटा येत होता. डॉक्टर लोक याला हर्निया म्हणतात.

डॉक्टरांनी सांगितले, "ऑपरेशन करून घ्या. पूर्ण भूल द्यायची गरज नाही. कमरेत एक सुई देऊ. कमरेखालचा भाग बधिर होईल. तुम्ही जागेच राहाल."

नेमकी हीच सुई त्यांना नको होती. आमच्या ओटीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "गुरुजी, ती कमरेतली सुई घेतली का मानूस कायमचा बसतो म्हनतात. माझी दोन एकर जमीन हाय. मी बसलो तर लावनी कोन करील?"

मग त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. बाजारात एका फिरत्या विक्रेत्याने ती त्यांना तीनशे रुपयांना दिली होती. आत पिवळी भुकटी होती. विक्रेता म्हणाला होता, "यात हळद आहे आणि डोंगरातल्या मुळ्या आहेत. महिनाभर घे. मग कसलीही सुई घे, नसेला धक्का लागणार नाही. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी शोध लावला आहे."

शेतकरीदादा महिनाभर थांबायला निघाले होते. इकडे फुगवटा वाढत होता.

मंडळी, या गोष्टीत तीन प्रश्न आहेत. सुईने नस बधिर होते म्हणजे काय होते? त्या औषधाने नस कायमची बिघडते का? आणि हळदीसारख्या वनस्पतीने ती वाचते, हे खरे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपण एकेक करून पाहू.

नस म्हणजे काय?

आपण बोलताना मोठा घोटाळा करतो. हातावर हिरवी-निळी दिसते तिलाही आपण नस म्हणतो. पण ती रक्ताची नळी. तिच्यातून रक्त वाहते. या लेखात आपण ज्या नसेबद्दल बोलतो ती वेगळी. ती पांढऱ्या दोऱ्यासारखी असते. तिच्यातून रक्त नव्हे, निरोप वाहतो. पुस्तकात तिला मज्जातंतू म्हणतात.

पायाच्या अंगठ्याला काटा लागला, तर तो लागल्याचे कळते कुठे? अंगठ्यात नव्हे, मेंदूत. अंगठ्यापासून मेंदूपर्यंत हा निरोप नसेतून जातो. आणि "पाय उचल" हा हुकूमही नसेतूनच येतो. काही नसा केसापेक्षा बारीक असतात. कमरेतून पायाकडे जाणारी मोठी नस मात्र जवळजवळ करंगळीएवढी जाड असते.

आपल्या भागाला रेल्वेची सवय आहे. १६ एप्रिल १८५३ या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली. पुढल्याच वर्षी ती कल्याणला पोचली. रेल्वेत पूर्वी केबिनमधला माणूस खटका ओढायचा. तारेतून तो ओढा लांबच्या सिग्नलपर्यंत जायचा आणि हात खाली पडायचा. नसेचे काम काहीसे असेच आहे. फरक इतकाच की ही तार जिवंत असते. तिला अन्न लागते, हवा लागते, आणि ती दुखावतेही.

या जिवंत तारेतून निरोप जातो कसा? नसेच्या अंगावर बारीक बारीक दारे असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. निरोप आला की पहिले दार उघडते. मिठात जो सोडियम नावाचा अंश असतो, तो बाहेरून आत धावतो. त्या धक्क्याने पुढचे दार उघडते, मग त्याच्या पुढचे. अशी दारे पटापट उघडत जातात आणि निरोप पुढे सरकतो.

भुलीचे औषध काय करते?

दात काढताना हिरडीत सुई देतात. जखमेला टाके घालताना कडेने सुई देतात. पोट कापून बाळंतपण करताना कमरेत सुई देतात. या सगळ्या सुयांतले औषध एकाच जातीचे असते. त्याला जागेपुरती भूल म्हणतात. दवाखान्यात तुम्ही लिग्नोकेन किंवा झायलोकेन हे नाव ऐकले असेल. ही एकाच औषधाची दोन नावे. कमरेतल्या सुईसाठी बहुतेक वेळा बुपिव्हाकेन वापरतात. ते जास्त वेळ टिकते.

हे औषध नसेच्या आत शिरते आणि त्या बारीक दारांना आतून खुंटी लावते. दार उघडत नाही. निरोप तिथेच अडतो. जांघेवर सुरी चालते, पण मेंदूला खबर पोचत नाही. फाटक बंद असले की गाडी अलीकडे उभी राहते, तसे हे आहे.

फाटक काही कायमचे बंद नसते. रक्त ते औषध हळूहळू धुऊन नेते. लिग्नोकेनसारखे औषध यकृतात मोडले जाते. खुंट्या निघतात, दारे उघडतात, आणि निरोप पुन्हा सुरू होतो.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. दुखण्याचे निरोप बारीक नसांतून जातात. त्या लवकर बंद होतात. दाबल्याचे, ओढल्याचे निरोप जाड नसांतून जातात. म्हणून दात काढताना दुखत नाही, पण ओढलेले कळते. तेव्हा "सुई लागली नाही" असे म्हणून घाबरू नये. मात्र खरोखर दुखत असेल तर हात वर करून सांगावे.

दुसरी गोष्ट. दाताला पू झाला असेल तर सुईचा गुण कमी येतो. पुवाची जागा आंबट झालेली असते आणि आंबट जागेत हे औषध नसेत नीट शिरत नाही. दात दुखू लागला की लवकर जावे, त्याचे हे एक कारण.

हे औषध आले कोठून?

याची कथा वनस्पतीपासूनच सुरू होते.

दक्षिण अमेरिकेच्या डोंगरात कोका नावाचे झुडूप होते. (चहासारखा जो कोको पितात तो वेगळा.) तिथले लोक कोकाची पाने चघळत. त्याने जीभ बधिर होई. १८६० साली निमान नावाच्या जर्मन संशोधकाने या पानांतून कोकेन वेगळे काढले. १८८४ साली व्हिएन्ना शहरात कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने ते डोळ्यात घालून पाहिले. आधी जनावरांच्या डोळ्यांत, मग स्वतःच्या. डोळा बधिर झाला. तोवर मोतीबिंदूचे ऑपरेशन म्हणजे माणसाला चार जणांनी धरून ठेवायचे. त्या दिवसापासून ते दिवस संपत आले.

त्याच १८८४ साली आपल्या कल्याणच्या जोशी घराण्यातली एक लेक अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरी शिकत होती. तिचे नाव आनंदीबाई. १८८६ साली ती डॉक्टर झाली. म्हणजे भुलीची ही विद्या जगात जन्मली, तेव्हा आपल्या कल्याणची मुलगी वैद्यकाच्याच वर्गात बसली होती. ही गोष्ट आम्हाला नेहमी अभिमानाची वाटते.

पण कोकेन धोक्याचे निघाले. त्याचे व्यसन लागे. हृदयाला इजा होई. पानातून आले म्हणून ते निरुपद्रवी ठरले नाही. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मग कमी धोक्याचे औषध शोधणे सुरू झाले. १९०५ च्या सुमारास जर्मनीत आइनहॉर्न यांचे प्रोकेन वापरात आले. त्यानंतरची गोष्ट स्वीडन देशातली. तिथे काही रसायनशास्त्रज्ञ जवाचा अभ्यास करत होते. जव म्हणजे आपण ज्याला सातूही म्हणतो, ते धान्य. जवाच्या रोपात ग्रॅमीन नावाचे एक द्रव्य असते. ते प्रयोगशाळेत बनवू जाता त्याच्यासारखे दुसरेच एक द्रव्य तयार झाले. ते जिभेला लावून पाहिले, तो जीभ बधिर! तोच धागा धरून लोफग्रेन आणि त्यांचे तरुण सोबती लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली लिग्नोकेन बनवले. लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या अंगावर टोचून पाहिले. १९४८ पासून ते बाजारात आले. आज खेड्यातल्या दवाखान्यातही ते असते.

आपल्याकडेही जीभ बधिर करणाऱ्या वनस्पती आहेत. अक्कलकाऱ्याचे पिवळे बोंड चावले की जिभेला मुंग्या येतात. दात दुखला की आजी लवंग धरायला सांगे. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते, ते थोडा वेळ बधिरपणा आणते. पण तेच तेल जास्त लावले तर हिरडी भाजते. गुण आणि घात एकाच बाटलीत असतो. फरक मापाचा.

या औषधाने नस बिघडते का?

आता शेतकरीदादांचा खरा प्रश्न. याचे उत्तर आम्ही लपवणार नाही. बिघडू शकते. पण फार क्वचित.

औषध योग्य मापात असेल तर ते खुंटी लावते आणि निघून जाते. पण तेच औषध फार तीव्र असले, किंवा एकाच जागी साचून बराच वेळ राहिले, तर नुसती दारे बंद होत नाहीत. नसेच्या पेशीच्या आत बिघाड होतो. प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. त्या भट्ट्या बिघडतात. त्यांतून जळके, जहाल कण बाहेर पडतात. लोखंडाला जसा गंज चढतो, तसे पेशीचे आतून नुकसान होते. नुकसान फार झाले तर पेशी मरते.

हे कसे कळले? १९९१ साली अमेरिकेत काही रोग्यांना कमरेतली भूल दिल्यावर पाय आणि लघवीची जागा नीट शुद्धीवर आली नाही. शोध घेतला. केसासारख्या बारीक नळीने औषध हळूहळू सोडत होते. ते पसरले नाही, एकाच जागी साचले. शिवाय ते तीव्र होते, शंभरात पाच भाग. १९९२ साली तिथल्या सरकारी खात्याने त्या बारीक नळ्या वापरातून काढायला लावल्या. डॉक्टरही शहाणे झाले. माप कमी झाले, औषधे बदलली.

मग आज धोका किती? इंग्लंड आणि शेजारच्या मुलखातल्या डॉक्टरांनी एक मोठी मोजणी केली. ती २००९ साली छापली. वर्षभरात पाठीच्या कण्याजवळ दिलेल्या सात लाखांवर सुया त्यांनी हिशेबात घेतल्या. त्यांत कायमची इजा लाखात सुमारे दोन ते चार जणांना झाली होती. तीही फक्त औषधाने नव्हे. काहींना रक्त साचून, काहींना पू होऊन. लाख माणसे म्हणजे केवढी जत्रा, ते डोळ्यांपुढे आणा. त्या जत्रेतले दोन-चार.

कमरेतल्या सुईची जागाही विचार करून ठरवलेली आहे. कण्याच्या आत मुख्य मज्जारज्जू असतो. तो जाड दोरखंडासारखा असतो. पण मोठ्या माणसात तो कमरेच्या वरच्या अंगाला संपतो. त्याच्या खाली सुटे धागे पाण्यात लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारखे. वैद्यकात त्यांना लॅटिन भाषेत तेच नाव आहे. सुई या सुट्या धाग्यांच्या जागी देतात. पाण्यात सोडलेल्या सुतळ्यांमध्ये काडी घातली तर सुतळ्या बाजूला सरकतात. तसे हे धागे बहुधा बाजूला होतात.

बायामाणसांत आणखी एक समज आहे. "बाळंतपणात कमरेत सुई घेतली, तेव्हापासून कंबर धरली." सुईच्या जागी चार-आठ दिवस ठणका राहू शकतो. काहींचे उठून बसले की डोके दुखते. ते डॉक्टरांना माहीत असते आणि त्यावर इलाज आहे. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचे कारण बहुधा सुई नसते. पोटातल्या बाळाचे ओझे, सैल झालेले स्नायू, वाकून मूल पाजणे, पाण्याचे हंडे, अशक्तपणा, ही कारणे असतात. सुईवर आळ घालून बसले की खरे कारण तसेच राहते आणि बाईचे हाल चालूच राहतात.

मग हळदीचे काय?

पुडीवाला पूर्ण खोटे बोलत नव्हता. अर्धे खरे बोलत होता. आणि अर्धे खरे हे पुऱ्या खोट्यापेक्षा जास्त फसवते.

हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कुर्क्युमिन. पेशीतला तो गंज रोखण्याचा गुण त्याच्यात दिसतो. असाच गुण कांद्यातल्या क्वेर्सेटिनमध्ये आणि द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रोलमध्येही सांगतात. म्हणून शास्त्रज्ञांच्या मनात आले, की भुलीच्या औषधाने पेशीला जो गंज चढतो, तो ही द्रव्ये थांबवतील का?

२०१६ साली चिनी संशोधकांचा असा एक अभ्यास छापून आला. त्यांनी काचेच्या भांड्यात नसेसारख्या पेशी वाढवल्या. त्यांवर बुपिव्हाकेन घातले. पेशी मरू लागल्या. दुसऱ्या भांड्यात आधी कुर्क्युमिन घातले, मग बुपिव्हाकेन. तिथे कमी पेशी मेल्या. प्रत्येक पेशीत "जग, मरू नकोस" असा एक हुकूम असतो. कुर्क्युमिनमुळे तो हुकूम जागा होतो, असे त्यांना आढळले.

शोध चांगला आहे. पण तो कुठे लागला? काचेच्या भांड्यात. माणसाच्या कमरेत नव्हे. या दोन जागांत किती अंतर आहे ते पाहा.

भांड्यात द्रव्य थेट पेशीवर पडते. माणसाने हळद खाल्ली तर ती आधी पोटात जाते. शंभर ग्रॅम हळदीत कुर्क्युमिन असते सुमारे तीन ग्रॅम. त्यातले फार थोडे आतड्यातून रक्तात शिरते. जे शिरते त्याचे यकृत लगेच दुसरेच काही करून टाकते. कमरेतल्या नसेपर्यंत पोचायचे ते जवळजवळ काहीच पोचत नाही. ठाण्याच्या तलावात मूठभर साखर टाकून कल्याणच्या खाडीचे पाणी गोड व्हायची वाट पाहावी, तसे ते होईल.

दुसरे असे. त्या पेशी खऱ्या नसेच्या नव्हत्या. त्या एका गाठीच्या रोगातून घेऊन वाढवलेल्या होत्या. अभ्यासाला त्या सोयीच्या पडतात. पण त्या भांड्यात रक्त नाही, यकृत नाही, वय नाही, मधुमेह नाही.

म्हणून भांड्यातला शोध ही पहिली पायरी. पुढे जनावरांवर पाहावे लागते. मग थोड्या माणसांवर. मग पुष्कळ माणसांवर. गुण दिसला आणि घात दिसला नाही, तरच औषध होते. बी पेरले म्हणजे भात शिजला असे कोणी म्हणत नाही. भुलीपासून नस वाचवण्यासाठी हळदीचे किंवा कोणत्या मुळीचे औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाही.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही हळदीला कमी लेखतो. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाच्या नावाने, हळदीने जखम भरते या गोष्टीवर मालकी हक्क दिला गेला. म्हणजे आपल्या आजीने केले ते यांनी शोधले! आपल्या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. तेव्हा तिचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. जुने ग्रंथ, जुने लेख पुढे ठेवले. १९९७ साली तो हक्क रद्द झाला. ही लढाई नुसत्या अभिमानाने जिंकली नाही. पुराव्याने जिंकली. मग हळदीचा नवा गुण सांगतानाही आपण पुरावा मागायला नको का?

पुडीतला धोका

भाजीत, दुधात हळद घाला. त्याने बिघडत नाही. पण पुडी ही वेगळी गोष्ट.

पुडीत काय आहे हे लिहिलेले नसते. सुटी हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून तिच्यात शिसे असलेला रंग मिसळल्याचे प्रकार झाले आहेत. आणि शिसे तर नसांनाच बाधते! नस वाचवायला घेतलेली पुडी नसच बिघडवायची. हळदीच्या तीव्र गोळ्यांनी काही जणांचे यकृत सुजल्याच्या नोंदीही वैद्यकात आहेत. काही झाडपाल्याच्या औषधांनी रक्त पातळ होते. कमरेत सुई देताना रक्त पातळ असेल, तर आत रक्त साचण्याची भीती वाढते. त्याने नस दाबली जाते.

आणि सर्वांत मोठा धोका वेळेचा. अंतर्गळात आतडे अडकले आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर ते आतडे सडते. मग काही तासांचा प्रश्न असतो. लाखात दोन-चारांच्या भीतीने माणूस त्याहून मोठ्या संकटाच्या तोंडाशी बसतो.

सुई घेणाऱ्याने काय करावे?

नसेचे रक्षण करायला पुडी लागत नाही. चार गोष्टी लागतात. त्या फुकट आहेत.

सुईच्या आधी सगळे सांगावे. पूर्वी सुईने पित्त उठले होते का, चक्कर आली होती का. हृदयाचा आजार, मधुमेह आहे का. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. पायाला आधीपासून मुंग्या येतात का. मधुमेहाने आधीच दुबळी झालेली नस औषधाने लवकर दुखावू शकते. काढा, चूर्ण, पुडी काहीही घेत असाल तर तेही सांगावे. लाजू नये. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये.

सुई देताना हलू नये, पण गप्पही बसू नये. पायात किंवा हातात विजेसारखी झणक गेली तर लगेच "झणक आली" असे म्हणावे. डॉक्टर सुई मागे घेतात. कानात आवाज येऊ लागला, तोंडाला धातूची चव आली, ओठांभोवती मुंग्या आल्या, तरी लगेच बोलावे. औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असते.

सुईनंतर बधिर भाग सांभाळावा. तो भाग तुमचा असतो, पण तुम्हाला कळत नसतो. आम्ही स्वतः एकदा डोंबिवलीला दात काढून आलो. घरी येऊन लगेच कढत चहा घेतला. ओठ बधिर होता. भाजला ते कळले नाही, चावला तेही कळले नाही. दोन तासांनी शुद्ध आली, तेव्हा ओठ सुजून वांग्यासारखा झाला होता. जन्मभर मुलांना "सांगितलेले ऐका" म्हणणाऱ्या माणसाची ही गत! डॉक्टरांनी सांगितले होते, पण आम्ही ऐकले नव्हते. लहान मुलाचा दात काढला तर त्याच्यावर खास नजर ठेवावी. ते गंमत म्हणून ओठ चावते. बधिर पायावर उठून उभे राहू नये. बधिर जागी शेक देऊ नये.

चौथी गोष्ट, वेळेवर नजर ठेवावी. दाताचा बधिरपणा काही तासांत जातो. कमरेखालचाही बहुधा काही तासांत उतरतो. किती वेळ लागेल हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. त्या वेळेनंतरही पाय हलत नसतील, किंवा शुद्ध येऊन पुन्हा बधिरपणा आला, लघवी होत नसेल, बसायच्या जागेला स्पर्श कळत नसेल, पाठीत जोराची कळ येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजता का होईना, नर्सबाईंना उठवावे. आत रक्त साचले असेल तर ते लवकर काढले म्हणजे नस वाचू शकते. उशीर झाला की इलाज हातचा जातो.

आपल्या भागात सरकारी आणि पालिकेचे दवाखाने आहेत. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय. कुठेही जा, प्रश्न विचारायला भिऊ नका. "भूल कोण देणार? कोणते औषध? किती वेळाने पाय हलतील?" हे तीन प्रश्न विचारणे हा रोग्याचा हक्क आहे. आता तुम्हाला वाचता येते. कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. न कळलेला शब्द विचारा.

शेवटी काय झाले?

आम्ही शेतकरीदादांना हे सगळे सांगितले. त्यांनी पुडी आमच्यापुढे ठेवली. "टाकून द्यू का?" म्हणाले. आम्ही म्हटले, "टाकू नका. डॉक्टरांना दाखवा. किती दिवस घेतली तेही सांगा."

त्यांनी तसे केले. डॉक्टरांनी पुडी बंद करायला लावली, रक्त तपासले, आणि काही दिवसांनी ऑपरेशन केले. कमरेत सुई दिली. दादा जागे होते. संध्याकाळी त्यांनी पायाचा अंगठा हलवला. पुढे आम्हाला सांगताना म्हणाले, "गुरुजी, आंगठा हलला तवा मला माझी दोन एकर जमीन परत मिळाल्यासारखी वाटली."

त्या वर्षी लावणीचे जड काम मुलांनी केले. दादा बांधावर बसून राहिले, कारण काही आठवडे ओझे उचलायचे नव्हते. भाताला तूट आली नाही.

उद्या कदाचित हळदीतून खरेच नसेचे औषध निघेल. जवातून निघालेच होते की! ज्या दिवशी निघेल त्या दिवशी त्याचे माप ठरलेले असेल, ते दवाखान्यात मिळेल आणि डॉक्टर स्वतः ते देतील. तोपर्यंत हळद डब्यात असू द्या, आमटीत असू द्या. तीनशे रुपये खिशात असू द्या. आणि दुखणे असेल तर दवाखान्याची वाट धरा.